तासांची वही : घरातली शाळा आणि चर्चची सेवा

दुपारची कामं उरकून रेडिओपाशी बसलेल्यांना नमस्कार, आणि कांद्याच्या वाफ्यात मोबाईल कमरेला खोचून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला चौदा गटांचं काम बघते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला बैठकीत भेटता. वह्या मिटल्या, चहा आला, की हमखास एक प्रश्न निघतो. "ताई, तुमची थोरली घरी शिकते. रविवारी तुम्ही चर्चमध्ये पोरांना शिकवता, त्यासाठी स्वतःही अभ्यास करता. वर हे गटाचं काम. जमतं कसं हो?"

आज त्यावरच बोलायचं आहे. आधीच सांगते, सगळं जमत नाही. काही कामं सोडावी लागतात. कुठली सोडायची आणि कुठली धरायची, हे कशावरून ठरवायचं, तेवढंच मला सांगायचं आहे. तुम्ही भजनी मंडळात असा, विहारात मुलांचे वर्ग घेत असा, नाहीतर सप्त्याच्या पंगतीला राबत असा, घरच्या लेकराचा अभ्यास आणि देवाचं काम यांची ओढाताण सगळ्यांच्याच वाट्याला येते.

आधी आमचं घर सांगते. आमचं कुटुंब कॅथलिक ख्रिस्ती. आमच्या भागात ख्रिस्ती वस्त्या जुन्या आहेत. 'निरोप्या' हे आमचं मराठी मासिक १९०३ पासून निघतं, आणि हरेगावची मतमाउलीची यात्रा तर तुमच्यातल्या कितीतरी हिंदू-मुसलमान मैत्रिणीही करतात. घरात सासूबाई, मालक, मी आणि दोन लेकरं. दीड एकर रान आहे, मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरही जातात. धाकटा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. थोरली लेक अकराची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम जातो, त्या भागाला अगदी लहानपणीच इजा झालेली आहे. तिला चालता येत नाही, हात आखडतात, बोलणं घरच्यांनाच कळतं. समजतं मात्र सगळं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि कुणाच्या पापाचं फळ तर मुळीच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बारशाच्या घरी आम्हाला बघून पाळणा आत नेणाऱ्या बायका अजून आहेत.

लेक सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही शाळेत नाव घालायला गेलो. एका शाळेत सांगितलं गेलं, "अशा मुलीला घरीच ठेवा, नाव कशाला घालता?" दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी नाव घातलं, आणि आज ती पाचवीच्या पटावर आहे. या दोन शाळांमधला फरक कायद्याचा आहे, तो नीट समजून घ्या.

२००९ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला जवळच्या शाळेत शिकायचा हक्क त्याने दिला. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली. एकाहून जास्त प्रकारचं किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही मिळाला. त्याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. पुढे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत आहे.

आता यातला शब्द धरा. घरी शिकण्याचा पर्याय आहे. तो लेकराचा आणि आईबापांचा आहे. शाळेची सोय व्हावी म्हणून शाळेने तो आपल्यावर लादायचा नाही. आणि घरी शिकणं म्हणजे पटावरून नाव जाणं नव्हे. नाव शाळेत राहतं, सरकारी शाळेत पुस्तकं मोफत मिळतात, आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे विशेष शिक्षकांची मागणी करता येते. आमच्याकडे असे शिक्षक येतात. कधी महिन्यातून दोनदा, कधी एकदा. बाकीचे सगळे दिवस शाळा चालवायची ती घरच्यांनीच.

आम्ही घर का निवडलं? शाळा दोन किलोमीटरवर, पावसाळ्यात रस्त्याला चिखल. पाच-सहा तास एका जागी बसलं की तिचे पाय ताठ होतात, कंबर दुखते. म्हणून ती शनिवारी, १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि गॅदरिंगला शाळेत जाते, बाकी दिवस घरी शिकते. वर्गातल्या मुलींना तिचं नाव माहीत आहे, तिला त्यांची माहीत आहेत. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता वेळेचं बघू. आपल्या गटात एक नियम कुणाला शिकवावा लागत नाही. पेटीतला एकच रुपया एकाच वेळी दोघींना कर्जाऊ देता येत नाही. एकीला बी-बियाणाला दिला, तर तो परत येईपर्यंत दुसरीला थांबावं लागतं. वहीत तसं लिहिलेलं असतं, म्हणून भांडण होत नाही. तासांच्या बाबतीत मात्र आपण हा नियम विसरतो. एकच तास लेकराला दिलेला असतो, तोच चर्चला देतो, तोच पाहुण्यांना देतो, आणि शेवटी ज्याला बोलता येत नाही त्याचा तास बुडतो. माझ्या घरात बोलता न येणारी माझी लेकच आहे. म्हणून मी गटासारखीच तासांची एक वही घातली. दोन रुपयांची नाही, चांगली शंभर पानी. डाव्या पानावर वेळ कुणाला दिली, उजव्या पानावर ती खरंच कुणाकडे गेली. दर रविवारी रात्री मालक, सासूबाई आणि मी ती वाचतो.

वहीत सगळ्यात वर लेकीचे तास असतात. सकाळी सात वाजता वीस मिनिटं व्यायाम. पायाच्या घोट्याचे आणि गुडघ्याचे ताण हळूहळू सोडवायचे, फिजिओथेरपिस्टने दाखवले तसे. हे मालक करतात. साडेनऊ ते अकरा शाळा. गावातल्या सुताराकडून तिच्या मापाची खुर्ची करून घेतली आहे. पायाला फळी, छातीला मऊ पट्टा, पुढे पाट. नीट बसवलं की मान सावरते, मान सावरली की डोळे पुस्तकावर ठरतात. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त अभ्यास नाही, कारण तेवढं बसायलाही तिला आपल्या खुरपणीइतके कष्ट पडतात. मध्ये पाणी, मध्ये गाणं, मग पुन्हा वीस मिनिटं.

तिला लिहिता येत नाही. एका पुठ्ठ्यावर चित्रं, अंक आणि अक्षरं चिकटवलेली आहेत. मी विचारते, ती नजरेने किंवा मुठीने दाखवते. गणित कांद्याच्या गोणीवर होतं. पन्नास किलोच्या सात गोण्या, क्विंटलला अमुक भाव, तर पट्टी किती? उत्तर बरोबर आलं, की तिचा बाप म्हणतो, "आता अडत्याकडे हिलाच नेतो." संध्याकाळी धाकटा त्याचं पुस्तक मोठ्याने वाचतो, ती ऐकते. त्याचं वाचन सुधारलं ते तिच्यामुळे, कारण तो चुकला की ती हसते.

आता धर्माचा अभ्यास. दोन वर्षांपूर्वी मी चर्चमध्ये धर्मशिक्षिका झाले. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्यात मूल आठ-दहा वर्षांचं झालं, की त्याला पहिल्यांदा पवित्र कम्युनियन देतात. मिस्सामध्ये म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत जी पवित्र भाकर देतात, ती. त्याआधी वर्ष-दोन वर्षं रविवारी शिकवणी असते. ही शिकवणी शाळेत नसते. राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं आपली राज्यघटना अठ्ठाविसाव्या कलमात सांगते, आणि ते योग्यच आहे. धर्म शिकवायचा तर घराने आणि चर्चने शिकवावा.

पोरांना शिकवायचं, तर आपल्याला आधी यायला पाहिजे. महिन्यातून एक शनिवार आमचा वर्ग असतो, आणि घरी रोज पहाटे पाच ते साडेपाच मी वाचते. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. एक वर्ष प्रामुख्याने मत्तयचं शुभवर्तमान, एक वर्ष मार्कचं, एक वर्ष लूकचं, आणि योहानचं सणांना नि खास काळात. रविवारी कोणता उतारा येणार, हे आधीच माहीत असतं. तोच उतारा मी आठवडाभर वाचते. सोमवारी नुसता वाचायचा, मंगळवारी अवघड शब्द काढायचे, बुधवारी पोरं काय विचारतील ते लिहायचं. नवीन काही रोज शोधायचं नाही. अर्ध्या तासात एवढंच बसतं आणि एवढं पुरतं.

बी.ए.ला मराठी होतं, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' अभ्यासलं होतं. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या या जेझुइट पाद्रीने १६१६ साली येशूची कथा मराठी ओव्यांत छापली. सुमारे अकरा हजार ओव्या! ओवी का निवडली असेल, ते मला लेकीला शिकवताना कळलं. ओवीला पाटी-पेन्सिल लागत नाही. जात्यावर बसलेल्या बाईला जे कळतं, ते खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेल्या पोरीलाही कळतं. सासूबाईंना लिहिता येत नाही, पण जुन्या ओव्या येतात. दुपारी त्या तिला ओव्या सांगतात. तो तास वहीत सासूबाईंच्या नावावर आहे.

पण इथे एक कुंपण घातलेलं आहे. साडेनऊ ते अकरा या वेळेत प्रार्थना, ओव्या, बायबल काही नाही. तेव्हा गणित, भाषा, परिसर, एवढंच. मला कुणी म्हणालं, "अशा लेकरांना प्रार्थना शिकवली की पुरे, गणित कशाला?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण गणित कशाला, असं आपण धडधाकट मुलाबद्दल कधी विचारतो का? देवाचं नाव घेऊन तिच्या गुणाकाराची वेळ घेतली, तर ती उधारीच. ती देवाच्या खात्यावर टाकली म्हणून फिटत नाही.

आता सेवेकडे येते. खरी ओढाताण इथे आहे. चर्चची कामं वाईट नसतात, सगळी चांगलीच असतात. म्हणूनच नाही म्हणणं अवघड जातं. गायनमंडळ आहे, मिस्सातलं वाचन आहे, वेदीची फुलं आहेत, आजाऱ्यांच्या भेटी आहेत, वाडीवरची आठवड्याची प्रार्थना आहे, सणाचा स्वयंपाक आहे. बाई जरा वाचणारी, बोलणारी निघाली, की प्रत्येक कामाला तिचंच नाव येतं.

आणि सगळं एकदम येतं. मार्च महिना बघा. गटांच्या बँकेच्या वर्षअखेरीची घाई. रानात उन्हाळी कांदा काढणीला. त्यातच बहुतेक वर्षी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे चौदा टप्पे म्हणत करायची भक्ती, मग पवित्र आठवडा, मग ईस्टर. धाकट्याची परीक्षाही जवळ आलेली असते. या महिन्यात "बघू, जमेल तसं करू" म्हटलं, तर जमत काहीच नाही. म्हणून आम्ही जानेवारीतच बसून ठरवतो. मार्चमध्ये कुठली सेवा होईल आणि कुठली होणार नाही, हे मी फादरना आणि सिस्टरांना नाताळ झाल्यावर लगेच जाऊन सांगते. ऐनवेळी गैरहजर राहिलं तर लोकांना राग येतो. दोन महिने आधी सांगितलं तर ते दुसरी बाई शोधतात.

मी धरलेल्या सेवा दोन. रविवारी मुलांचा एक तास, आणि महिन्यातून दोनदा मिस्सामध्ये वाचन. सोडलेल्या सेवा जास्त. गायनमंडळ सोडलं, कारण सराव संध्याकाळी सात वाजता असतो आणि ती लेकीला भरवायची वेळ. तिला घास गिळायला वेळ लागतो, घाई केली तर ठसका लागतो. मला गाणं फार आवडतं, सोडताना वाईट वाटलं. पण गायनमंडळात माझ्या जागी दुसरी बाई उभी राहू शकते. भरवायला तिला माझीच सवय आहे. हरेगावच्या यात्रेआधी नऊ दिवस नोव्हेना असते, ८ सप्टेंबरच्या मरियामातेच्या जन्मदिनाच्या आसपास. तिथे मी स्वयंसेवक म्हणून जात नाही. एक दिवस जाते, लेकीला घेऊन, भाविक म्हणून.

कामं सोडली तेव्हा बोलणी ऐकली. एक आजी म्हणाल्या, "देवाला वेळ नाही होय तुला?" त्यांना मी उत्तर दिलं नाही, वय मोठं होतं. तुम्हाला सांगते. माझ्या धर्मातच याचं उत्तर आहे. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असं त्यात सांगितलं आहे. मग लेकीला खुर्चीत नीट बसवून गुणाकार शिकवणं हे चर्चच्या कामाबाहेरचं कसं झालं?

शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आला. मार्था स्वयंपाकात गुंतली, मरिया त्याच्यापाशी ऐकत बसली. मार्थाने तक्रार केली, तेव्हा येशूने मरियाची बाजू घेतली. ही गोष्ट ऐकली की बायकांना वाटतं, आपल्या राबण्याला किंमत नाही. मला ती वेगळी कळते. बाईलाही बसून ऐकायचा, शिकायचा हक्क आहे, आणि तिने चुलीपाशीच असलं पाहिजे असं नाही, हे येशूने त्या काळात सगळ्यांसमोर सांगितलं. उरलेला प्रश्न आपण सोडवायचा आहे. मरिया अभ्यासाला बसली, तर मार्थाची अर्धी भांडी कोण घासणार? आमच्या घरी पहाटेचा चहा मालक करतात. त्या चहामुळे माझा अर्धा तास उभा राहिला आहे.

सेवेतही असंच आहे. बाईची सेवा म्हणजे झाडणं, फुलं आणि स्वयंपाक, असं कितीतरी वर्षं चाललं. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी चर्चचा कायदा बदलला. मिस्सातलं वाचन आणि वेदीवरची सेवा आमच्या बायका आधीपासून करत होत्या, पण त्या सेवापदांवर रीतसर नेमणूक फक्त पुरुषांची होत असे. ती आता बायकांचीही होऊ शकते. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षक हेही चर्चचं अधिकृत सेवापद ठरलं. कामाला असा मान आला, की त्याची तयारीही नीट लागते. म्हणून मी म्हणते, दहा सेवा अर्ध्या करण्यापेक्षा दोन करा, पण अभ्यास करून करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इतका वेळ मी माझ्या सेवेबद्दल बोलले. पण चर्चमध्ये माझ्या लेकीचाही वाटा आहे. तिच्या पहिल्या कम्युनियनची वेळ आली, तेव्हा काहींना वाटलं, हिला काय कळणार, तशीच आशीर्वाद देऊन पाठवा. मी अभ्यासात वाचलं होतं, ते कामी आलं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात ७७७ वं कलम आहे. शरीराने किंवा मनाने अडचण असलेल्यांनाही त्यांच्या परीने धर्मशिक्षण मिळेल, हे धर्मगुरूंनी बघायचं, असं ते सांगतं. मी फादरपुढे तेच ठेवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच शिकवता. तुमच्याच वर्गात बसवा."

बसवायचं कसं, तर चर्चला तीन पायऱ्या आणि खोली आत. मग सिस्टरांनी सुचवलं, महिन्यातला एक रविवार वर्ग तुमच्या ओट्यावर घ्या. बारा पोरं आमच्या ओट्यावर आली. पहिल्या दिवशी ती तिच्याकडे बघायलाच बुजली. मी तिला प्रश्न विचारायची, आणि ती नजर वळवायच्या आत दुसरीच पोरं उत्तर ओरडायची. तेव्हा नियम केला. तिला विचारलं, की सगळ्यांनी मनात वीसपर्यंत मोजायचं. कुणी बोलायचं नाही. पोरांना सुरुवातीला ते वीस आकडे फार लांब वाटले. दोन महिन्यांनी मोजावं लागेना, ती आपोआप थांबायला लागली. त्या वर्षी ओट्यावर शिकवायला मला एक वाक्यही जास्त तयार करावं लागलं नाही. दुसऱ्यासाठी थांबणं पोरं तिच्याकडूनच शिकली. गेल्या मे महिन्यात तिने बाराजणांबरोबर कम्युनियन घेतली. पायऱ्यांवर फळ्या टाकून खुर्ची वर नेली. त्या फळ्या आता तिथेच ठेवल्या आहेत, दोन म्हाताऱ्या बाबांची सोय झाली.

हा रविवार माझ्या वहीत एकाच खात्यावर आहे, आणि तरी त्यात तिघांचं भागतं. लेकीचं, वर्गाचं आणि माझ्या अभ्यासाचं. असं दर वेळी होत नाही. पण काम नाकारण्याआधी एवढं बघावं, की ते घरी आणता येतं का. आणि घरी आणल्यावरही साडेनऊ ते अकरा त्यात जात नाहीत ना, तेही बघावं.

मैत्रिणींनो, एकटीने हे झालं नसतं. माझ्या गटातल्या तिघीजणी आठवड्यातून एकेक तास लेकीपाशी बसतात. त्या तिघींपैकी एक बौद्ध, एक मराठा, एक मुसलमान आहे. त्या तासाची परतफेड मी त्यांच्या पोरांचा अभ्यास घेऊन करते. 'उमेद'च्या दशसूत्रीत बचतीच्या पंचसूत्रीपुढे आरोग्य आणि शिक्षण ही सूत्रं आहेतच. आपण ती बैठकीत म्हणतो. एवढा एक तास दिला, तर ती गटात उतरतील.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की इतकं करा. आपल्या वस्तीवर कुठलं लेकरू शाळेत जात नाही, त्याची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दिव्यांग लेकरू असेल, तर आधी सरकारी रुग्णालयातून दाखला आणि युडीआयडी कार्ड काढा, मग शाळेत जाऊन त्याचं नाव पटावर आहे का बघा. नसेल तर घालून घ्या, आणि गृहाधारित शिक्षणासाठी गटसाधन केंद्रात लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची विसरू नका. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असेल, तर 'निरामय' या आरोग्य विमा योजनेची चौकशी करा. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही बसतो.

आणि शाळा सुटलेली मोठी मुलगी असेल, लग्नाची बोलणी चालू व्हायच्या आत तिला सांगा, की दहावीचा रस्ता बंद झालेला नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला बसता येतं, आणि पाच वर्षांत सवडीने एकेक विषय सोडवता येतो. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. त्याची माहिती शाळेत मिळेल.

शेवटी सेवा करणाऱ्या बायकांना एक विनंती. देवळाचं, चर्चचं, विहाराचं काम घेताना "हो" म्हणायच्या आधी घरी जा, वही उघडा, आणि तो तास आधीच कुणाला दिलेला नाही ना, ते बघा. दिलेला असेल, तर ज्याला दिलाय त्यालाच राहू द्या. ते लेकरू असेल, तर जास्तच. तुमच्या वस्तीवर घरी शिकणारं लेकरू असेल, तर मला गटाच्या बैठकीत सांगा, नाहीतर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. आपण मिळून त्याच्या शाळेत जाऊ.